गादी सरकत नाही

कंबर धरली, उसण भरली, लचक भरली, पाठीत चमक निघाली. कमरेच्या दुखण्याला मराठीत नावांची वानवा नाही. ही सगळी जुनी नावे दुखणे कसे जाणवते एवढेच सांगतात. आत काय बिघडले याविषयी ती काही बोलत नाहीत. एमआरआय सर्रास होऊ लागला तशी त्यांच्या जोडीला आणखी दोन नावे आली: ‘गादी सरकली’ आणि ‘नस दबली’. ही नावे वेगळ्या जातीची आहेत. ती कानावर पडताच डोळ्यांपुढे चित्र उभे राहते. एकावर एक रचलेले मणके, त्यांच्यामधून बाहेर निसटलेली चकती आणि तिच्याखाली चेंगरलेली नस. बिघाड इतका स्पष्ट दिसला की इलाजही लगेच सुचतो. सरकलेले जागेवर बसवावे, दबलेले मोकळे करावे. ‘शस्त्रक्रियेविना स्पायनल डिकम्प्रेशन’ या नावाने जो उपचार आज विकला जातो, त्याचे सारे बळ या चित्रात आहे. मणके यंत्राने ओढून एकमेकांपासून दूर करायचे, मधल्या पोकळीत निर्वात निर्माण होतो, त्या ओढीने बाहेर आलेली गादी आत खेचली जाते आणि नस सुटते, असे समजावले जाते. डिकम्प्रेशन म्हणजेच दाब काढून घेणे. दुखण्याचे नाव आणि उपचाराचे नाव एकमेकांत इतके चपखल बसतात की मध्ये पुराव्याला जागाच उरत नाही. तो पुरावा नीट पाहिला तर मात्र असे दिसते की या यंत्राच्या टेबलावर झोपणारे बरेच लोक बरे होतात, पण त्यांना टेबल बरे करत नाही. या दोन वाक्यांतले अंतर समजून घेणे कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाच्या फायद्याचे आहे.

टेबल दोन भागांचे असते. वरचा भाग स्थिर आणि खालचा रुळांवर सरकणारा. रुग्णाच्या बरगड्यांभोवती एक रुंद पट्टा आवळतात, दुसरा कमरेच्या हाडांवर. उताणे झोपवले असेल तर गुडघ्यांखाली लोड किंवा जाड उशी येते. खालच्या पट्ट्याला जोडलेली दोरी मोटर ओढू लागते. हिसका बसत नाही, ताण हळूहळू चढत जातो. मिनिटभर तो धरून ठेवतात, थोडा उतरवतात, पुन्हा चढवतात. जोर साधारण शरीराच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत नेतात, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाला पस्तीस किलोच्या आसपास. पडद्यावर एक रेषा वरखाली होत राहते, आणि रुग्णाच्या हातात एक बटण असते. सहन झाले नाही तर ते दाबले की यंत्र थांबते. वीस ते तीस मिनिटांत बैठक संपते. आधी शेक देतात, नंतर बर्फ किंवा विजेचा शेक. अशा वीस-पंचवीस बैठका पाच-सहा आठवड्यांत करायच्या असतात, आणि पुष्कळदा पैसे पॅकेज म्हणून आधीच घेतले जातात. हा सगळा वेळ रुग्ण आडवा असतो, अंगाला ऊब मिळालेली असते, कोणीतरी आपुलकीने विचारपूस करत असते आणि दुखऱ्या जागी काहीतरी घडते आहे हे त्याला जाणवत असते. उठल्यावर हलके वाटते, आणि ते वाटणे खरे असते. प्रश्न आहे तो पुढच्या आठवड्याचा आणि पुढच्या महिन्याचा.

ओढण्याची कल्पना नवी नाही. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या लेखनात रुग्णाला बाकावर झोपवून, छातीला आणि कमरेला पट्टे बांधून, दोन्ही टोकांना रहाटासारखी यंत्रे लावून ताणण्याचे वर्णन आहे. त्याच लेखनात शिडीला उलटे बांधून झटका देण्याच्या एका पद्धतीचा उल्लेख येतो, आणि लेखक तिच्यावर कडक टीका करतो. या प्रकाराने पाठ सरळ झालेली आपल्या पाहण्यात नाही आणि तो करणारे वैद्य गर्दीला थक्क करण्यासाठी तो करतात, असे त्याचे म्हणणे आहे. आधुनिक काळात या कल्पनेला जोर आला तो १९३४ नंतर. त्या वर्षी बोस्टनमधील मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले की पायात उतरणारी कळ, म्हणजे सायटिका, ही फाटलेल्या गादीमुळे येऊ शकते. गादी दोषी ठरल्यावर तिच्यावरचा भार काढण्याचे उपाय शोधले जाऊ लागले. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील डॉ. जेम्स सिरियॅक्स यांनी ट्रॅक्शनचा, म्हणजे कणा ताणण्याच्या उपचाराचा, जोरदार पुरस्कार केला आणि ते जगभरच्या फिजिओथेरपी विभागांत पोहोचले. आपल्याकडेही खाटेच्या पायथ्याशी वजने लटकवून पडून राहिलेला रुग्ण हे दृश्य कित्येकांच्या ओळखीचे आहे. १९९० च्या दशकात उत्तर अमेरिकेत संगणकाने ताण नियंत्रित करणारी टेबले आली आणि त्यांच्यासोबत ‘डिकम्प्रेशन’ हे नाव आले. यंत्र सुधारले हे खरे. पण अमेरिकेच्या औषध नियामकाच्या दप्तरी ही टेबले विजेवर चालणारी ट्रॅक्शन साधने म्हणूनच नोंदली जातात.

आता मूळ चित्राकडे येऊ. मणक्यांमधली गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, टायरमधल्या ट्यूबसारखी मोकळी नसते. बाहेरून चिवट तंतूंची एकात एक गुंफलेली वलये आणि आत पाण्याने भरलेला मऊ गाभा अशी तिची रचना आहे. बिघडते तेव्हा होते ते असे की वलयांना चिरा पडतात आणि गाभ्याचा काही भाग त्या वाटेने बाहेरच्या बाजूला येतो. कधी नुसता फुगवटा दिसतो, कधी तुकडा वलय फोडून बाहेर पडतो, कधी तो तुटून वेगळाही होतो. प्रौढ वयात गादीच्या आतल्या भागाला रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण आजूबाजूच्या हाडांतून झिरपत येणाऱ्या द्रवावर चालते. दिवसभर उभे राहून, बसून तिच्यातले पाणी पिळले जाते आणि रात्री आडवे झाल्यावर ती पुन्हा पाणी ओढून घेते. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्क्याने जास्त भरते. १९९९ मध्ये जर्मनीतील विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी माणसाच्या गादीत सूक्ष्म दाबमापक बसवून दिवसभराच्या हालचालींची नोंद घेतली. उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता, तर आडवे झाल्यावर ०.१, म्हणजे एकपंचमांश. पाठ वाकवून वीस किलो वजन उचलताना तो २.३ वर गेला. सात तासांच्या झोपेत तो ०.१ वरून ०.२४ वर चढला, कारण गादी पाणी पिऊन फुगत होती. गादीवरचा भार उतरवणे हाच उपचार असेल, तर तो प्रत्येकाच्या घरी रोज रात्री सात-आठ तास चालू असतो.

निर्वाताचा दावा मात्र हवेतून आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९४ मध्ये रामोस आणि मार्टिन यांनी मोजक्या रुग्णांच्या कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीत नळी घालून, टेबलावर ताण देताना आतला दाब मोजला. ताण वाढला तसा दाब उतरला आणि शून्याखाली, उणे शंभर मिलीमीटर पाऱ्याच्याही खाली गेला. ही नोंद आजही जाहिरातींचा कणा आहे. पण तिने सिद्ध काय केले? माणूस टेबलावर बांधलेला असताना, ताण चालू असताना, दाब कमी होतो एवढेच. तो पट्टे सोडून उठला, चपला घालायला वाकला आणि दुचाकीवर बसून घरी निघाला की दाब पूर्ववत होणार, कारण त्याचे वजन तेच आहे आणि पृथ्वीची ओढही तीच. चिरलेल्या वलयातून बाहेर आलेला, सुजलेल्या ऊतींत अडकलेला तुकडा अर्ध्या तासाच्या या उतारामुळे आत जातो आणि तिथेच टिकतो, हे या मोजणीत कुठेच दिसत नाही.

दाब दीर्घकाळ काढून घेतला तर काय होते याचे उत्तर अंतराळाने दिले आहे. काही जाहिरातींत अंतराळवीरांचा दाखला अभिमानाने दिला जातो, त्यामुळे तो पाहणे अगत्याचे. गुरुत्वाकर्षणाचा भार नाहीसा झाल्यावर गाद्या फुगतात आणि अंतराळवीरांची उंची पाच सेंटीमीटरपर्यंत वाढते. याहून पूर्ण डिकम्प्रेशन कोणत्याही टेबलावर शक्य नाही. आणि तरी उड्डाणाच्या पहिल्या दिवसांत निम्म्याच्या आसपास अंतराळवीर कंबरदुखीची तक्रार करतात. पृथ्वीवर परतल्यावर त्यांच्यात गादी फाटण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे चौपट असल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले. भार नसलेली गादी जास्त पाणी ओढून तट्ट फुगते, आणि कण्याला आधार देणारे स्नायू वापरावाचून दुबळे होतात. भाराशिवाय राहणे म्हणजे निरोगी राहणे नव्हे. कण्याला योग्य मापात भार लागतो. पाच सेंटीमीटर उंची वाढवणाऱ्या महिन्यांनी जे साधले नाही, ते वीस मिनिटांच्या ताणाने साधेल असे मानायला आधार हवा.

मग बाहेर आलेल्या गाभ्याचे होते काय? पुष्कळदा शरीर तो खाऊन टाकते. बाहेर पडलेला तुकडा रक्ताच्या संपर्कात येतो, शरीर त्याला परका समजते, भक्षक पेशी तिथे गोळा होतात आणि काही महिन्यांत तो आक्रसतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात दिसले की शस्त्रक्रिया न करता, पूर्ण तुटून वेगळे झालेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप लहान झाले. वलय फोडून बाहेर आलेल्या भागात हे प्रमाण ७० टक्के, वलयाच्या आत राहिलेल्या उंचवट्यात ४१ टक्के आणि नुसत्या फुगवट्यात १३ टक्के होते. बिघाड चित्रात जितका भयंकर, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. एमआरआयच्या अहवालात मोठा तुकडा पाहून गर्भगळीत झालेल्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवे. म्हणूनच ‘उपचारानंतर एमआरआयमध्ये गादी आत गेलेली दिसली’ हा पुरावा ग्राह्य धरता येत नाही. ती टेबलाविनाही गेली असती का, हा प्रश्न त्यात सुटत नाही. शिवाय एमआरआयवर दिसणारी प्रत्येक फुगलेली गादी दुखण्याचे कारण असते असेही नाही. कंबरदुखी नसलेल्या ९८ लोकांचे एमआरआय १९९४ मध्ये अमेरिकेत तपासले गेले, तेव्हा निम्म्याहून अधिक लोकांत, ५२ टक्क्यांत, किमान एका ठिकाणी फुगवटा सापडला. पुढे २०१५ मध्ये तीन हजारांहून अधिक वेदनामुक्त लोकांच्या तपासण्या एकत्र मांडल्या गेल्या. विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांत फुगवटे होते. वयाबरोबर केस पिकतात तशा गाद्याही बदलतात. अहवालातल्या फुगवट्याला दुखण्याचे नाव दिले की जी दुखतही नाही अशा गोष्टीवर उपचार सुरू होतो.

टेबलाचा गुण ठरवायचा तर तुलना लागते, आणि इथेच जाहिरातीतले आकडे आणि चाचण्यांतले आकडे वेगळे होतात. ‘८६ टक्के यश’ हा आकडा फार फिरला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१९ रुग्णांच्या एका नोंदीतून आला. त्या नोंदीत तुलनेचा गटच नव्हता. उपचार घेतलेल्यांपैकी किती बरे झाले हे कळले, पण उपचार न घेता किती बरे झाले असते हे कळायला मार्ग नाही. कंबरदुखीसारख्या चढउताराच्या दुखण्यात ही उणीव साधी नव्हे. माणूस उपचाराला जातो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर, आणि शिगेनंतर उतार असतोच. नेदरलँड्समधील एका चाचणीने हा गुंता फार चांगला सोडवला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दीर्घकाळ कंबर दुखणारे ६० रुग्ण घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. यंत्र आधुनिक, संगणकाने चालणारे, नेमक्या गादीवर ताण देण्याचा दावा असलेले. दोन्ही गटांना त्याच टेबलावर सहा आठवड्यांत वीस बैठका दिल्या. एका गटाला शिफारस केलेला पूर्ण ताण, दुसऱ्याला दहा किलोहून कमी, म्हणजे नावापुरता. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांना ठाऊक नव्हते. चौदा आठवड्यांनी शंभरपैकी वेदनेचे गुण खऱ्या ताणाच्या गटात ६१ वरून ३२ वर आले आणि नावापुरत्या ताणाच्या गटात ५३ वरून ३६ वर. बारकाईने वाचणारा म्हणेल, पहिल्या गटाची उतरण मोठी आहे. खरे आहे, पण त्या गटाची सुरुवातही वरून झाली होती, माणसामाणसांतला फरक फार मोठा होता, आणि गणिताने तपासता दोन गटांतला फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. दोन्ही गटांना बरे वाटले, हीच त्या चाचणीची खरी बातमी.

हा एकच पुरावा असता तर मी इतक्या ठामपणे लिहिले नसते. नेदरलँड्समध्येच १९९५ साली १५१ रुग्णांवर जोरदार ताण विरुद्ध लटका ताण अशी तुलना झाली होती आणि तिथेही फरक आढळला नव्हता. ताण ज्यांना सर्वांत जास्त उपयोगी पडावा असे मानले जाते, त्या नस दबलेल्या १२० रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. व्यायामाला यांत्रिक ताणाची जोड दिल्याने अधिक लाभ झाला नाही. चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३२ चाचण्या आणि २,७६२ रुग्णांची माहिती एकत्र केली होती. वेदना, हालचाल, कामावर परतणे यांपैकी कशावरही ट्रॅक्शनचा परिणाम नाही किंवा अगदी थोडा आहे, असा त्याचा निष्कर्ष निघाला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नये असे स्पष्ट लिहिले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही नेहमीच्या उपचारांत ट्रॅक्शन नको असे म्हटले आहे. त्याच यादीत कमरेचा पट्टा, अल्ट्रासाउंड आणि त्वचेवाटे सौम्य वीज देणारे टेन्स यंत्रही आहे, आणि आपल्याकडच्या अनेक केंद्रांत हे सारे टेबलाच्या जोडीने एकाच पॅकेजात मिळते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: या आढाव्यांत जुने ट्रॅक्शन आहे, नवे टेबल वेगळे. जुन्या ट्रॅक्शनने स्नायू घाबरून आखडतात, नवे यंत्र ताण इतका अलगद चढवते की स्नायूंना कळत नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. आक्षेप विचार करण्याजोगा आहे. पण मग नव्या यंत्राने स्वतःचा पुरावा आणायला हवा, आणि वर सांगितलेली २००९ ची चाचणी अशाच यंत्रावर झाली होती. नव्या टेबलाच्या बाजूने बोलणाऱ्या चाचण्याही आहेत, त्या झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. २००१ मध्ये ४४ रुग्णांवरच्या एका चाचणीत टेबलाच्या गटात ६८ टक्क्यांना यश मिळाले आणि टेन्सच्या गटात शून्य टक्के. कंबरदुखीत काहीही केले, किंवा काहीच केले नाही, तरी काही लोक सुधारतात. त्यामुळे तुलनेच्या गटात एकही माणूस सुधारू नये हा निकाल विश्वास वाढवण्याऐवजी शंका निर्माण करतो. २०२२ मध्ये पाकिस्तानातून ६० रुग्णांची एक चाचणी आली. नेहमीच्या फिजिओथेरपीला डिकम्प्रेशनची जोड दिलेल्या गटात चार आठवड्यांनी वेदना आणि हालचाल दोन्ही जास्त सुधारल्या. मात्र दुसऱ्या गटाला लटका ताण दिला नव्हता. एका गटाला यंत्र मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाही, हे प्रत्येक रुग्णाला माहीत होते. मोठ्या टेबलावर अधिकचा वेळ मिळालेल्याला अधिक बरे वाटणे स्वाभाविक आहे, आणि लटका ताण वापरून वेगळा काढायचा असतो तो नेमका हाच भाग. मोठ्या संख्येवर, लटक्या ताणाशी तुलना करून, वर्षभर पाठपुरावा केलेली चाचणी टेबलाच्या बाजूने उभी राहिली तर हा लेख बदलावा लागेल.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा आहे. ‘आमच्या शेजाऱ्यांना टेबलाने गुण आला’ किंवा ‘मला स्वतःला आला’. असे सांगणारा खोटे बोलत नाही, आणि त्याच्या वेदना काल्पनिक नव्हत्या. नेदरलँड्समध्ये दहा किलोहून कमी ताण मिळालेल्या माणसांनीही घरी जाऊन हेच सांगितले असेल. त्यांना गुण आला तो काळाने, विश्रांतीने, कोणी लक्ष दिल्याने, ‘आता काहीतरी होते आहे’ या दिलाशाने. वेदना कमी झाल्यावर माणूस थोडा चालू लागतो, आणि चालण्याने आणखी फरक पडतो. हा सगळा लाभ खरा आहे. फक्त तो पस्तीस किलोच्या ओढीचा नाही, आणि त्याची किंमत ओढीच्या दराने देण्याचे कारण नाही.

‘अपाय तर नाही ना, मग करून पाहायला काय हरकत?’ हा तिसरा आक्षेप, आणि सर्वांत जास्त लोक याच वाटेने टेबलापर्यंत जातात. अपाय विरळा आहे हे मान्य. तरी शून्य नाही. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. टेबलावर ताण चालू असतानाच त्याची गादी एकाएकी अधिक बाहेर आली आणि तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. ठिसूळ हाडे, मणक्याचा अस्थिभंग, गाठ, संसर्ग, पोटातल्या महाधमनीचा फुगवटा, गर्भारपण अशा स्थितींत ताण देऊच नये. पण माझ्या मते मोठा तोटा वेगळा आहे. भातलावणीला वाकणारी बाई, एसटीचा चालक, हमाल यांच्यासाठी पाच-सहा आठवडे दिवसाआड केंद्रात जाणे म्हणजे तेवढी मजुरी बुडणे. त्याहून खोल जाते ती धास्ती. आपला कणा म्हणजे एकावर एक ठेवलेल्या, कधीही निसटू शकणाऱ्या चकत्या आहेत, असे एकदा मनात बसले की माणूस वाकायला भितो, मूल उचलायला भितो, पट्टा लावून वावरतो आणि हळूहळू हालचालच सोडतो. हालचालीचे भय कंबरदुखी लांबवते, हे या विषयातल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसले आहे. जाहिरातींत झळकणाऱ्या ‘एफडीएमान्य’ या शब्दाचाही उलगडा करायला हवा, कारण महाराष्ट्रात एफडीए म्हटले की लोकांना आपले अन्न व औषध प्रशासन आठवते. जाहिरातीतली एफडीए अमेरिकेची असते. तिने अशा टेबलांना दिलेली मोकळीक ‘बाजारात आधीपासून असलेल्या ट्रॅक्शन यंत्रांच्या तोडीचे’ या अर्थाची आहे. त्यासाठी रुग्ण बरे होतात हे सिद्ध करावे लागत नाही.

शस्त्रक्रिया टळते, म्हणून टेबल घ्यावे, असेही पुष्कळजण म्हणतात. शस्त्रक्रियेची भीती समजण्यासारखी आहे, आणि नेमकी ती भीतीच ‘शस्त्रक्रियेविना’ या शब्दात वापरली जाते. पण सायटिकाच्या बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच चाचणीत तीव्र सायटिकाचे २८३ रुग्ण होते. निम्म्यांना लवकर शस्त्रक्रिया, निम्म्यांना वाट पाहणे आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. वाट पाहणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे ती करावी लागली, म्हणजे उरलेले सुमारे ६० टक्के तिच्याविना राहिले. शस्त्रक्रियेने कळ लवकर थांबली, मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. मधल्या काळात त्यातले काही टेबलावर झोपले असते, तर त्यांनी शस्त्रक्रिया टळल्याचे श्रेय टेबलाला दिले असते. आणि ज्यांना खरोखर तातडीने शल्यचिकित्सकाची गरज असते, त्यांच्यासाठी टेबलावर गेलेला वेळ घातक ठरतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, जांघेत आणि गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पाऊल उचलता न येणे, दोन्ही पायांतली ताकद झपाट्याने जाणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. तिथे काही तासांचा उशीर आयुष्यभराचे अपंगत्व देऊ शकतो. ताप, वजन घटणे, रात्री झोपूनही न थांबणारी वेदना, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांनाही गादीच्या खात्यात टाकू नये. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात आजही आढळतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीसारखाच दिसतो. त्याला औषधे लागतात, ताण नव्हे.

मग दुखणाऱ्याने करावे काय, हे विचारणे रास्त आहे, कारण रात्री कूस बदलता येत नाही तेव्हा ‘आपोआप बरे होईल’ एवढे ऐकून धीर येत नाही. पहिले काही दिवस शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने वेदनाशामक गोळी, आणि जमेल तेवढे उठून वावरणे. अंथरुणाला खिळून राहिल्याने फायदा होत नाही. दुखणे लांबले तर जागतिक आरोग्य संघटना सुचवते ते व्यायाम, दुखण्याची नीट समज, आणि भीती व नैराश्य घट्ट झाले असेल तर त्यावर मानसोपचार. मालीश किंवा हाताने मणक्यांवर केलेल्या उपचारांनाही तिने जागा दिली आहे. कोणता व्यायाम सर्वांत चांगला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जो माणूस नेमाने करेल, तो त्याच्यासाठी चांगला. चांगला फिजिओथेरपिस्ट त्याच अर्ध्या तासात रुग्णाला वाकून दाखवायला लावतो, वजन कसे उचलायचे ते करून घेतो, दुखले म्हणजे काही फाटले असे नाही हे पटवतो. यंत्राला जोडून पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा हे काम कितीतरी कठीण आहे आणि त्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. दुर्दैवाने, यंत्राचे पैसे सहज निघतात आणि बोलण्याचे निघत नाहीत, ही आपल्या आरोग्यव्यवहारातली जुनी अडचण आहे.

एकदा बरी झालेली कंबर पुन्हा धरते, हा बहुतेकांचा अनुभव, आणि त्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये एक साधी गोष्ट मोजून दाखवली. नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना चालण्याचा कार्यक्रम दिला. प्रत्येकाने आपापल्या ताकदीप्रमाणे सुरुवात करायची आणि हळूहळू आठवड्यातून पाच दिवस, रोज तीस मिनिटांपर्यंत जायचे. उरलेल्यांना असा कार्यक्रम दिला नाही. न चालणाऱ्या गटात दुखणे परत येईपर्यंतचा मध्यक काळ ११२ दिवस होता, चालणाऱ्यांमध्ये २०८ दिवस. या कार्यक्रमात ना टेबल होते, ना छातीला आवळलेला पट्टा. कसे चालायचे, किती वाढवायचे आणि दुखले तर घाबरायचे का नाही, हे समजावण्यासाठी फिजिओथेरपिस्ट त्यांच्याशी बोलत होता, सहा महिन्यांत सहा वेळा.